वारा पडला त्या रात्री: मनोरच्या तबेल्यातले २८ तास

आदल्या दिवशी, संध्याकाळी ६ (२८ तास बाकी)

एप्रिलचा शेवटचा आठवडा. मनोरच्या मस्तान नाक्यापासून थोडं आत, हायवेवरच्या ट्रेलरांचा आवाज पोचेल इतक्या अंतरावर एक तबेला. चाळीस म्हशी दोन ओळींत बांधलेल्या, शेपट्या एकमेकींकडे, मधून शेणाची गल्ली. डोक्यावर नऊ फुटांवर पत्रा. पश्चिमेला सहा फूट विटांची भिंत, आणि भिंत व पत्रा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत निळी ताडपत्री. जूनमध्ये झड आत येऊ नये म्हणून ती बांधली होती. दिवाळीला सोडायची राहिली, होळीलाही राहिली. भिंतीला बाहेरून लागून सुक्या गवताच्या गासड्या, थेट पत्र्याला टेकतील इतक्या उंच.

हा तबेला कुणा एका मालकाचा नाही. पालघर जिल्ह्यातल्या मनोरच्या हायवेपट्ट्यात जसे तबेले दिसतात तसा एक समोर धरला आहे, आणि अशा दिवशी हवेत आणि जनावराच्या अंगात काय घडतं ते तासातासाने मांडलं आहे. माणसं आणि आकडे नमुन्याचे आहेत. शरीराचे आणि वाऱ्याचे नियम मात्र खरे आहेत, ते कुणाच्याच तबेल्याला सूट देत नाहीत.

आत्ता आतलं तापमान ३३ अंश आहे, हवेतली आर्द्रता ६२ टक्के. या दोन आकड्यांतून पशुवैद्यक एक तिसरा आकडा काढतात, तापमान-आर्द्रता निर्देशांक. तो ७२ च्या आत असेल तर दुभतं जनावर सुखात. ७९ ला धोका सुरू होतो, ८४ च्या पुढे आणीबाणी. या तबेल्यात सूर्य मावळतीला आला असताना तो ८४ आहे. मालक मोबाइलवर उद्याचं तापमान बघतात, ३८. "चाळीस तर नाही ना," म्हणतात आणि फोन खिशात टाकतात.

कोकणपट्टीत चाळीसची वाट बघायची नसते. हवामान खातं मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू करतं, किनारपट्टीला मात्र ३७ पासूनच, सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असेल तर. खारघरला १६ एप्रिल २०२३ च्या दुपारी महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उष्माघाताने १४ माणसं दगावली, तेव्हाही पारा चाळिशीच्या आतच होता. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही. म्हशीला तर घामाची सोयही अपुरी आहे: गाईच्या मानाने तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथी फारच कमी आहेत. वरून कातडी काळी, केस विरळ. निसर्गाने तिला त्याबदली डबकं दिलं होतं. तबेल्यात डबकं नाही, दावं आहे.

मध्यरात्र (२२ तास बाकी)

वारा पडला आहे. बाहेर अंगणात झोपलेल्या कामगाराला थोडं बरं वाटतं आहे, कारण बाहेरच्या उघड्या आभाळाखाली जमीन आपली उष्णता सोडते आहे. आत पत्र्याखाली तसं होत नाही. भिंतीच्या विटा दिवसभराची ऊब आता परत देत आहेत, आणि चाळीस म्हशी स्वतः उष्णता तयार करत आहेत. दुभती मोठी म्हैस दिवसरात्र साधारण एक हजार वॅटच्या हीटरइतकी उष्णता बाहेर टाकते. म्हणजे या छपराखाली चाळीस हीटर लागलेले आहेत आणि त्यांना बटण नाही.

ही गरम हवा हलकी असते, ती वर जाते. वर गेल्यावर तिला वाट हवी. जुन्या कौलारू गोठ्यात ती कौलांच्या फटींतून निघून जायची, कुडाच्या भिंतीतून खालून नवी हवा यायची. इथे आढ्यावर पत्र्याची टोपी घट्ट ठोकून बसवली आहे, कारण फट ठेवली तर पावसाचं पाणी गळतं. गरम, ओलसर, अमोनियाच्या वासाची हवा पत्र्याखाली साचते आणि हळूहळू खाली, म्हशींच्या पाठीपर्यंत उतरते.

उपाय फार जुना आणि साधा आहे. गोठ्याच्या रुंदीच्या दर दहा फुटांमागे आढ्याला दोन इंच फट. तीस फूट रुंद तबेला असेल तर सहा इंच, आढ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्यावर हातभर उंचीवर दुसरं छोटं छप्पर टाकलं की दोन हजार मिलिमीटरहून जास्त पावसातही पाणी आत येत नाही. आणि तेवढीच मोकळी जागा दोन्ही बाजूंच्या वळचणीखाली मिळून, हवा आत यायला. वारा पडलेला असला तरी ही रचना चालते, कारण तिला चालवणारं बळ म्हणजे म्हशींच्याच अंगची ऊब.

पहाटे ३ (१९ तास बाकी)

धारा काढायची वेळ. मुंबईकडे दूध सकाळी पोचायचं असेल तर तबेल्याचा दिवस इथेच सुरू होतो. निर्देशांक ८१.

धार काढणाऱ्याच्या लक्षात एक गोष्ट आली आहे. एरवी या वेळेला निम्म्या म्हशी बसून रवंथ करत असतात. आज बहुतेक उभ्या आहेत. उभं राहिलं की अंगाखालून थोडी हवा जाते, ओल्या गरम फरशीला पोट टेकत नाही. जनावर बसायचं टाळतं तेव्हा ते आपल्याला काहीतरी सांगत असतं. "शेठ, बसत नाहीत आज," तो म्हणतो. "माश्या असतील," शेठ म्हणतात.

मला विचाराल तर सगळ्या २८ तासांतला सर्वांत महत्त्वाचा तास हा आहे. उन्हाने जनावर मरतं असं आपण म्हणतो, पण मोठी जनावरं एक गरम दिवस बहुधा निभावून नेतात. दिवसभर अंगात साठलेली उष्णता ती रात्री बाहेर टाकतात. ज्या रात्री हवा थंडच होत नाही, त्या रात्रीची बाकी दुसऱ्या दिवसाच्या खात्यावर चढते. अशी सलग दुसरी-तिसरी रात्र आली की दिवस नेहमीचाच असला तरी जनावर कोसळतं.

अमेरिकेत हे दोनदा फार मोठ्या प्रमाणावर दिसलं. आयोवा राज्याच्या पश्चिम भागातल्या १३ काउंट्यांत ११ आणि १२ जुलै १९९५ या दोन दिवसांत मांसासाठी पोसलेली सुमारे ३,७५० गुरं मेली. जून २०२२ मध्ये कॅन्ससच्या नैऋत्य भागात किमान २,००० मेली. तिथल्या लोकांनी यापेक्षा कडक उन्हाळे पाहिले होते. त्या दिवसांत वेगळं होतं ते इतकंच की आर्द्रता चढली, वारा पडला आणि रात्री तापलेल्याच राहिल्या. आयोवाच्या पाहणीत आणखी एक गोष्ट समोर आली: सावली असलेल्या आवारांत हजारी दोन गुरं दगावली, सावली नसलेल्यांत हजारी अठ्ठेचाळीस.

आपल्याकडे त्या धर्तीचा गाई-बैलांचा धंदा नाही. राज्याच्या १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्यात झालेली आणि २०१५ पासून लागू असलेली सुधारणा गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला मनाई करते, म्हशीला नाही. म्हणून पालघरमध्ये हा प्रश्न म्हशीचा आहे, दुधाच्या म्हशीचा आणि आटल्यावर खाटकाकडे जाणाऱ्या म्हशीचाही. सावली आपल्या तबेल्यात आहे. ती सावली वारा अडवून मिळवलेली आहे, हा फरक आयोवाच्या आकड्यांत सापडणार नाही.

सकाळी ७ (१५ तास बाकी)

पहाटेचा सगळ्यात थंड क्षण येऊन गेला. पाच वाजता आत साडेसत्तावीस अंश आणि ८५ टक्के आर्द्रता होती, निर्देशांक ७९ च्या वर. अख्ख्या रात्रीत एक मिनिटसुद्धा तो धोक्याच्या रेषेखाली गेला नाही. म्हशी दिवसाची सुरुवात करत आहेत ती कालच्या उष्णतेसह.

पूर्वेकडून कोरडा झोत वाहतो आहे. एप्रिल-मे महिन्यांत उत्तर कोकणात उष्णतेची लाट येते ती बहुतेकदा अशीच: पूर्वेचा वारा जोर धरतो आणि समुद्रावरचं खारं वारं दुपारी उशिरापर्यंत आत शिरू शकत नाही. डहाणू-तारापूरच्या किनाऱ्याला ते थोडं लवकर मिळतं. मनोर आत आहे, डोंगरांच्या खोलगटात, वैतरणा आणि सूर्या या नद्यांच्या मधोमध. इथे ते वाघोबा खिंड आणि काळदुर्गाचा डोंगर ओलांडून येईपर्यंत दुपार कलते.

सकाळी १०.३० (साडेअकरा तास बाकी)

पत्रा तापला. उघड्या पत्र्याचा खालचा भाग भर उन्हात साठ अंशांच्या पुढे जाऊ शकतो, आणि तो खाली उभ्या असलेल्या काळ्या पाठीवर सरळ उष्णता फेकतो. नऊ फुटांचं छप्पर म्हणजे म्हशीच्या पाठीपासून जेमतेम साडेचार फूट. वळचण दहा फुटांवर आणि आढं पंधरावर नेलं तरी फरक पडतो, वर चुना मारला तर आणखी पडतो, चार-सहा इंच पेंढा किंवा गवत टाकलं तर फारच. गवत तर दारातच आहे.

गवत या भागाला नवीन नाही. डहाणू, तलासरी, वाडा इथल्या डोंगरांवरचं गवत पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या तबेल्यांत गेलं. १९४५ साली वारली मजूर गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या सोबतीने उठले, तेव्हाच्या संपातला एक मोठा मुद्दा गवत कापणीच्या मजुरीचा होता. नंतर मुंबईचे तबेले शहराबाहेर हलवण्याचे बेत झाले, त्यातूनच तलासरीजवळ कुर्झे धरणाच्या पाण्यावर दापचरीचा दुग्धप्रकल्प उभा राहिला. गवत शहरात न्यायच्या ऐवजी म्हशीच गवताजवळ आल्या. पण तबेल्याचा साचा शहरातलाच राहिला: जागा महाग आहे असं धरून बांधलेला, दाटीवाटीचा, बुटका. मनोरला जागा तितकी महाग नाही. म्हशीला छपराखाली चार चौरस मीटर आणि तेवढंच किंवा जास्त उघडं आवार द्यायला इथे काय अडचण आहे, याचं पटणारं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

दुपारी १२ (१० तास बाकी)

आता माणसं कामाला लागतात आणि दोन चुका होतात. दोन्ही मायेपोटी होतात, म्हणून त्या सांगायला जड जातं.

पहिली चूक पाण्याची. मालकीणकाकू घरातून गोणपाटं आणतात, भिजवून पूर्वेच्या उघड्या खिडक्यांवर टांगतात. फरशीवर पाइपने पाणी मारतात. वर नव्याने बसवलेले बारीक फवारे सुरू होतात, त्यांतून धुक्यासारखं पाणी पडतं. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत हा उपाय रामबाण आहे. तिथे पाणी क्षणात वाफ होतं आणि हवा खरोखर थंड होते. पालघरच्या हवेत पाणी सामावून घ्यायला जागाच कमी असते. बंद तबेल्यात धुकं सोडलं तर तापमान थोडंसं उतरतं आणि आर्द्रता चढते. निर्देशांक तिथेच राहतो किंवा वर जातो. आणि ओल्या गोणपाटाने तर उरलेला वाराही अडवला.

दमट हवेत पाणी हवेवर मारायचं नसतं, कातडीवर मारायचं असतं. मोठ्या थेंबांचं, अंग पार भिजेल इतकं, एक-दोन मिनिटं. मग पाणी बंद करून दहा-बारा मिनिटं पंखा, अंग वाळेपर्यंत. मग पुन्हा पाणी. म्हशीच्या अंगावर सेकंदाला दोन मीटरच्या आसपास वेगाचा वारा लागला पाहिजे, म्हणजे हातात धरलेला रुमाल स्पष्ट फडफडेल इतका. ३६ इंची पंख्याचा झोत साधारण तीस फूट पोचतो, म्हणून एकाच दिशेला तोंड केलेले पंखे तीस-तीस फुटांवर लागतात. इथे तीन पंखे आहेत. एक माणसांच्या खाटेवर वळवलेला, दोन एकमेकांसमोर.

दुसरी चूक आंबोणाची. दुपारची धार तीनला, म्हणून बाराला सरकी पेंड आणि भुसा भिजवून पुढे ठेवलं. कोठीपोटात खाणं आंबतं तेव्हा उष्णता निघते, आणि ती खाल्ल्यानंतर तीन ते पाच तासांनी शिगेला पोचते. बाराचं आंबोण तीन ते पाच वाजता आतून शेकोटी पेटवणार, नेमकं बाहेरून ऊन सगळ्यात कडक असताना. उन्हाळ्यात निम्म्याहून जास्त खुराक रात्री आठनंतर आणि पहाटे द्यायचा असतो, एवढा एक बदल फुकट आहे. आज म्हशींनी निम्मं आंबोण तसंच ठेवलं. जनावर स्वतःच आपली शेकोटी विझवायला बघतं. काकूंनी हाताने घास भरवले.

दुपारी १.२० (८ तास ४० मिनिटं बाकी)

वीज गेली.

पंखे थांबले. मोटर थांबली. छतावरच्या काळ्या टाकीतलं पाणी उन्हात इतकं तापलं आहे की म्हशी तोंड लावून मागे सरतात. दुभत्या म्हशीला या दिवसांत शंभर लिटरच्या घरात पाणी लागू शकतं, आणि ते गार असेल तरच ती पोटभर पिते. टाकीवर सावली केली असती, नाही तर टाकी जमिनीवर झाडाखाली ठेवली असती.

बाहेर ३८ अंश, आर्द्रता ४५ टक्के, निर्देशांक ८७. आत ४० अंश. निर्देशांक ९० ओलांडतो.

फक्त पंख्यांवर चालणारा बंद तबेला मला म्हणूनच घातक वाटतो. वीज हा पाहुणा आहे, तो उन्हाळ्याच्या दुपारी हमखास उठून जातो. उघड्या भिंती आणि उघडं आढं यांना वीज लागत नाही. आधी वाऱ्याला वाट, मग पंखा, मग पाणी, हा क्रम सोडून बांधलेल्या तबेल्यात वीज गेली की म्हशीला वाली उरत नाही.

दुपारी ३ (७ तास बाकी)

धार. रोजच्यापेक्षा एक मोठी किटली दूध कमी. मालकांचं लक्ष पहिल्यांदा इथे वेधलं जातं, कारण नुकसान पहिल्यांदा इथे मोजता येतं.

धार काढणारा आता मोजतो आहे, त्याला कुणी तरी कधी शिकवलं होतं. घड्याळ लावून एक मिनिट म्हशीची कूस किती वेळा हलते ते बघायचं. निवांत म्हशीची वीस-पंचवीस वेळा हलते. साठच्या वर गेली तर ताप जाणवतो आहे. नव्वदच्या वर गेली तर क्षणभरही थांबू नका. एकशेवीसला जीव धोक्यात. कोपऱ्यातली मुऱ्हा जातीची मोठी म्हैस, तबेल्यातली सगळ्यात जास्त दूध देणारी, ९६ वर आहे. तोंडातून लाळेची तार लोंबते आहे. ही लाळ वाया जाते तशी कोठीपोटातली आम्लता आवरणारी द्रव्यंही वाया जातात, म्हणजे पचन आतूनही बिघडतं.

जास्त दूध देणारी म्हैस जास्त खाते, जास्त उष्णता बनवते, म्हणून संकट आधी तिच्यावर येतं. मग गाभण म्हशी, मग नुकत्या व्यालेल्या. तबेल्यातला सगळा पैसा ज्या जनावरांत आहे तीच आधी जातात.

दुपारी ४.४० (५ तास २० मिनिटं बाकी)

खारं वारं आलं. ताडाची झावळी सळसळली, अंगणातल्या दोरीवरचे कपडे पूर्वेकडे उडू लागले. अंगणात उभ्या माणसाला हायसं वाटलं.

तबेल्याच्या आत पत्र्याखालचं कोळिष्टक हललंही नाही. पश्चिमेला गासड्या, मग विटा, मग ताडपत्री. ज्या दिशेने या भागाला रोज दुपारी फुकटचा वारा मिळतो, नेमकी ती दिशा तीन थरांनी बंद आहे. गासड्या पन्नास पावलं दक्षिणेला रचल्या असत्या तर चाललं असतं. भिंत तीन फुटांची ठेवून वर जाळी आणि पावसाळ्यापुरता गुंडाळता येणारा पडदा लावला असता तर चाललं असतं. आणि या क्षणीसुद्धा कोयता घेऊन ताडपत्रीच्या दोऱ्या कापल्या असत्या, तर पुढे जे झालं त्यातलं बरंचसं टळलं असतं. पाच तास हातात होते.

वीज परत आली, कमी दाबाची. पंख्यांची पाती एकेक मोजता यावीत इतकी हळू.

संध्याकाळी ६.३० (साडेतीन तास बाकी)

"ऊन उतरलं. आता बरं वाटेल त्यांना," मालक म्हणतात.

बाहेरच्या हवेचं तापमान दुपारी अडीच-तीनला शिगेला पोचतं. जनावराच्या अंगाचं मात्र त्यानंतर कित्येक तासांनी. पाचशे किलोंचं धूड तापायला वेळ लागतो आणि निवायला त्याहून जास्त. दुपारचं आंबोण अजून आत आंबतं आहे. विटा अजून तापलेल्या आहेत. सूर्य गेल्याबरोबर आर्द्रता चढू लागली आहे. आणि खारं वारं सूर्यास्तानंतर मंदावतं.

या वेळी गुदद्वारात थर्मामीटर लावला असता तर मुऱ्हाचं तापमान ४०.८ दिसलं असतं. म्हशीचं नेहमीचं ३८ ते ३८.५. शंभर रुपयांच्या आसपास मिळणारा साधा डिजिटल थर्मामीटर तबेल्यात नाही. दीड लाखाची म्हैस आहे.

रात्री ८.१५ (पावणेदोन तास बाकी)

मुऱ्हाने तोंड उघडलं. जीभ बाहेर आली. मान पुढे ताणली, पुढचे पाय फाकवले. आणखी पाच म्हशी धापत आहेत. आतलं तापमान ३२, आर्द्रता ८० टक्के, निर्देशांक ८६. हवेचं नुसतं तापमान बघितलं तर कुणी याला उष्णतेची रात्र म्हणणारही नाही.

उघड्या तोंडाने धापणं हा शेवटचा इशारा आहे. काही काळाने ही धाप उलट मंद आणि खोल होते. बघणाऱ्याला वाटतं, शांत झाली. ती शांत झालेली नसते, थकलेली असते.

मालकांनी आता डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर बोईसरकडे, दुसऱ्या गोठ्यावर. "डॉक्टरसाहेब, लवकर या, हिची जीभ बाहेर आलीय." "काका, मला चिल्हार फाट्यावरून यायला तास लागेल. तोवर सांगतो ते करा. तिला चालवू नका, पळवू नका. जमेल तर दावं सोडून जवळच मोकळ्यावर घ्या. डोकं, मान, पाय, पोटाखाली पाणी ओता, बादल्यांनी, थांबू नका. पंखा अंगावर. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. पश्चिमेचं काही बांधलेलं असेल तर फाडा."

ताडपत्री आता फाटते आहे. बाहेर वारा उरलेला नाही.

रात्री १० (शून्य)

मुऱ्हा गुडघ्यांवर आली, मग कुशीवर. डॉक्टर पोचले तेव्हा तापमान ४२ च्या वर होतं. इतक्या तापमानाला शरीरातली प्रथिनं बिघडू लागतात, आतड्याची भिंत गळते, रक्त जागोजाग गोठतं. सलाइन लावलं, बर्फ आणला. साडेअकराला ती गेली. पहाटे तीनपर्यंत आणखी दोन, त्यांतली एक आठ महिन्यांची गाभण.

उरलेल्या सदतीस जगल्या. त्यांचं दूध कित्येक आठवडे पूर्वपदावर आलं नाही, आणि कितीतरी जणी त्या हंगामात माजावर आलेल्या कळल्याच नाहीत. म्हशीचा माज एरवीही मुका असतो, उन्हाळ्यात तो अधिकच लपतो. हे नुकसान कुठल्याच पंचनाम्यात लिहिलं जात नाही.

सकाळी ९

जेसीबी आला. खोल खड्डा, चुना, मीठ. त्याआधी शवविच्छेदन, कारण विमा असेल तर त्याशिवाय दावा पुढे सरकत नाही. तिघींपैकी एकीच्या कानातला बारा अंकी बिल्ला तुटून पडलेला होता आणि नवा लावलेला नव्हता. तिचा दावा अडला.

सरकारी मदतीचं म्हणाल, तर केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत २०२४ साली बारा आपत्ती होत्या. चक्रीवादळ, पूर, भूकंप, गारपीट, ढगफुटी, हिमकडा, किडींचा हल्ला. थंडीची लाट त्यात होती, उष्णतेची लाट नव्हती. पुरात वाहून गेलेल्या म्हशीचा हिशेब व्हायचा. पत्र्याखाली भाजून गेलेल्या म्हशीचा होत नव्हता, आणि हिशेब होत नव्हता म्हणून किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांत दर उन्हाळ्यात अशा किती जातात हे सांगणारा एकही आकडा हाताशी नाही. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा जिल्हा झाला. निदान जिल्हा पातळीवर तरी गोठ्यातल्या उष्माघाताच्या मृत्यूंची वेगळी नोंद ठेवायला कुणाची परवानगी लागू नये, आणि गोठा बांधायला अनुदान देताना आढ्याची फट आणि छपराची उंची तपासूनच शेवटचा हप्ता द्यावा.

तबेलेवाल्यांना सांगायचं ते असं. हे वाचून होईल त्या संध्याकाळी आपल्या गोठ्यात मधोमध उभे राहा आणि उदबत्ती लावा. धूर वर जाऊन बाहेर निघाला तर चांगलं. तो पत्र्याखाली घुटमळत राहिला, तर पश्चिमेची ताडपत्री त्याच दिवशी सोडा, गासड्या हलवा, आणि पावसाळा लागण्याआधी गवंड्याला बोलावून आढं उघडा. खुराकाची वेळ बदला, टाकीवर सावली करा, एक थर्मामीटर आणून खुंटीला टांगा, कानातले बिल्ले तपासा. कोसबाड हिलच्या कृषी विज्ञान केंद्रात गोठ्याच्या रचनेबद्दल विचारा. आणि म्हशीची कूस मिनिटाला साठच्या वर हलताना दिसली, तर ऊन उतरायची वाट बघू नका. पाणी आणि पंखा लगेच सुरू करा, आणि उजेड आहे तोवर १९६२ या टोल-फ्री नंबरवर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला फोन करा.